गाडी विकली, नेस्टा नाही

ऍबरायरॉन,
१२ मार्च २०१९

प्रिय नेस्टा,

सवतीला पत्र लिहिताना सुरुवात काय करायची हे मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून सरळ विचारते, कशा आहात? श्रूसबरीची थंडी ओसरली का? आमच्याकडे समुद्रावरचा वारा अजून लोकांच्या टोप्या उडवतोय. मी मार्गेड, गेथिनची दुसरी बायको. आपण एकदाच भेटलोय, त्याच्या पुतणीच्या लग्नात. तुम्ही सँडविचचं ताट माझ्यापुढे केलंत आणि मी घेतलं नाही. भूक लागली होती सपाटून, तरी घेतलं नाही.

पत्राचं कारण गाडी. ती निळी व्होल्व्हो मी गेल्या आठवड्यात विकली. गेथिनचं विसरणं तुमच्या कानावर असेलच. डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं, तेव्हाच ती माझ्या नावावर केली होती. आता नुसती दारात उभी करून काय पूजा करायची तिची?

तिच्यावरचा नंबर तुम्हाला ठाऊक आहेच. तुमच्या चाळिशीला त्याने हौसेने विकत घेतलेला, एन ३ एसटीए. तीनचा आकडा उलटा वळवला की ई, झाली नेस्टा! तुम्ही निघून गेलात, नंबर मात्र राहिला. जुनी गाडी काढली की तो नवीवर चढवायचा. गाड्या तीन झाल्या, बायका दोन, नंबर एकच. अठरा वर्षं मी तुमच्या नावाच्या गाडीतून बाजारहाट केला. घरातसुद्धा तेच. 'नेस्टाला धुतलं का? नेस्टाला पेट्रोल पाजलं का?' चिप्सच्या दुकानातली पोरगी मला नेस्टाच म्हणायची. एकदा तिला म्हटलं, "अगं, मी मार्गेड." तर म्हणते कशी, "मग गाडी चोरलीत की काय?"

तर, घ्यायला आला लँपिटरचा कुणी प्रॉसर. ढेरीवर हात ठेवून गाडीभोवती फिरला, टायरला लाथ मारली आणि म्हणाला, "गाडीत काही राम नाही. मला तिच्यावर आधी होता तो नंबर हवाय. नातीचं नाव नेस्टा. वर पाचशे पौंड देतो."

"गाडी न्या," मी म्हटलं, "बाई मिळायची नाही."

"अहो, पण ते तुमचं नाव नाही ना?"

"नाही. सवतीचं आहे."

त्याचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता! शेवटी मुकाट्याने नुसती गाडी घेऊन गेला. नंबर आधीच काढून ठेवला होता मी. गॅरेजवाल्या ह्यूने बजावलं होतं, "मार्गेड, आधी नंबर काढून घे आणि मगच गाडी वीक. गाडीबरोबर गेला की गेला, मग रडून उपयोग नाही." ऐंशी पौंड भरले, गाडीला तिचा पहिल्या नोंदणीचा नंबर परत मिळाला, आणि तुमचं नाव दहा वर्षांसाठी माझ्याकडे राखून ठेवलं गेलं. म्हणजे कायद्याने तुम्ही आता माझ्या ताब्यात आहात, बरं का.

माझी बहीण मायर्वेन म्हणाली, "वेड लागलंय तुला. सवतीचं भूत गेलं म्हणून पेढे वाटायचे सोडून बाटलीत भरून ठेवतेस!" पण उद्या प्रॉसरची नात त्या नंबरची गाडी घेऊन समुद्रावर आली, आणि गेथिनने ती पाहिली, तर तो भर रस्त्यात तिच्यामागे धावेल. मला ते नको होतं.

कारण गाडी गेल्यापासून तो खिडकीशी बसतो आणि एकच विचारतो, "नेस्टा कुठाय?"

पहिल्या दिवशी मी सांगून टाकलं, "विकली रे."

"विकली?" तो उठूनच उभा राहिला. "बाई आहे ती!"

आणि रडायलाच लागला. मग मला जवळ बसवून म्हणाला, "तुम्ही नवीन आहात, तुम्हाला काही ठाऊक नाही. तिच्या आईच्या मातीला मी गेलो नाही. कार्डिफला रग्बीची मॅच होती, तिकडे गेलो. वर घरी येऊन तिला स्कोअर सांगितला. मला तिची माफी मागायचीय. तेवढं बोलवा तिला."

मला तो नर्स समजतो, नेस्टा. नाताळपासून. हे एक वाक्य लिहायला बघ किती पाल्हाळ लावलं मी.

आणि मला त्याने काय सांगितलं होतं, ठाऊक आहे? तू एका दाताच्या डॉक्टरापायी गेलीस म्हणून! अठरा वर्षं मी त्या बिचाऱ्याला शिव्या घातल्या, आणि तो जन्मालाच आला नव्हता. (तुम्ही-तुम्ही सुटलं बघ. सुटू दे.)

मायर्वेनने तोडगा काढला, "तूच म्हण ना, मी नेस्टा, केलं माफ. त्याला काय कळतंय?" मलाही पटलं होतं. काल चहा झाल्यावर त्याचा हात हातात घेतला, तोंड उघडलं. चिप्सच्या दुकानात इतकी वर्षं तुझं नाव खपवलं होतंच की! पण तोंडून निघालं, "आणखी चहा देऊ?" तुझ्या नावावर चिप्स खाता येतात गं, माफी देता येत नाही. आई तुझी होती.

तेव्हा तू ये. माफ करच असा माझा हट्ट नाही. चार शब्द सुनावायचे असतील तर सुनाव, मी बाहेर बागेत थांबेन. स्टेशनावर ह्यूला पाठवते, आमच्याकडे आता गाडी नाही. फक्त लवकर ये. परवा 'नेस्टा' म्हणताना तो मधेच थांबला, आणि पुढचं त्याला सुचेपर्यंत मीच मनातल्या मनात ते पुरं करत बसले. मला हेवा वाटतो का तुझा? वाटतो. का नाही वाटणार? पण त्याच्याकडे आता एकच नाव उरलंय, आणि ते जायच्या आत त्या नावाची बाई दारात यायला हवी.

वाट बघतेय,

गेथिनची नर्स
मार्गेड