फक्त मिक्सिंग बाकी आहे

२ मार्च

आज रेकॉर्डिंग झालं. हिने गायलं. एका दमात, एकही चूक नाही. मागच्या खोलीत गाद्या, जुने कोट आणि इस्त्रीचं टेबल असतं. तिला मी गेल्या वर्षापासून स्टुडिओ म्हणतो, बाकीचे अडगळ म्हणतात. कपाटाची दारं उघडून हिला कोटांकडे तोंड करून उभं केलं, म्हणजे आवाज घुमत नाही. ही म्हणाली, कोटांना आवडलं तर मला कळवा.

चाल सासऱ्यांची. तरुणपणी त्यांनी बांधली, हिला लहानपणी शिकवली, कुठे रेकॉर्ड म्हणून झाली नाही. सासरे सध्या कानाच्या उपचारासाठी आमच्याकडे आहेत. उजवा कान कधीच गेला. डाव्यात थोडं उरलंय, तेही ओसरतंय. २९ तारखेला डाव्या कानाचं ऑपरेशन, मशीन बसणार. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, मग बोलणं कळेल, गाण्याची मात्र आशा धरू नका. तेव्हा त्याआधी त्यांना त्यांचं गाणं मुलीच्या आवाजात ऐकवायचं, असं मी सर्वांसमोर जाहीर केलंय.

कीबोर्ड आमच्या ऑफिसातल्या दोस्ताने वाजवला. विम्याचे क्लेम बघतो, रविवारी समारंभात वाजवतो.

आता फक्त मिक्सिंग बाकी आहे. आवाज आणि कीबोर्ड एकमेकांशी नीट जुळवायचे, दोन संध्याकाळचं काम.

३ मार्च

मिक्सिंगला बसलो. पण हत्यारांशिवाय लढाई कसली? आधी प्लगइन्स हवेत. प्लगइन म्हणजे कॉम्प्युटरच्या आतलं यंत्र. आवाज जाड करतं, गोड करतं, हवा तिथे नेऊन उभा करतं. लोक त्यासाठी पैसे मोजतात. मूर्ख. फुकटात सोनं मिळतं, फक्त शोधणारा पाहिजे.

आजची कमाई: एक रिव्हर्ब. आवाजाला घुमारा देतो. दगडी सभागृह, पाण्याची टाकी, रिकामा पोहण्याचा तलाव, सगळे घुमारे आत आहेत. हिला ऐकवला. ही म्हणाली, आधी कोटांत तोंड खुपसायला लावून घुमारा घालवलात, आता तोच बाहेरून आणताय. तिला समजावून सांगितलं. तिने कुकर लावला.

५ मार्च

संकल्प: रिव्हर्ब एकच वापरायचा. आणखी शोधायचे नाहीत.

५ मार्च, दुपारी

आणखी चार मिळाले.

८ मार्च

फुकट प्लगइनला पैसे लागत नाहीत, पण ई-मेल लागतो. शिवाय जन्मतारीख, व्यवसाय आणि 'तुम्ही आमच्याकडे कसे आलात' याचं उत्तर. नवीन ई-मेल काढला. आता एका कंपनीतला कुणीतरी मला रोज सकाळी 'प्रिय मित्रा' म्हणून लिहितो. घरात इतक्या मायेने हाक मारणारं कोणी नाही.

सासरे रोज चहाच्या वेळी विचारतात, झालं का? मी त्यांच्या डाव्या कानाशी ओरडून सांगतो, फक्त मिक्सिंग बाकी आहे. ते मान हलवतात. घाई नको म्हणतात. कलेची कदर असलेला माणूस.

११ मार्च

आज मोठा दिवस. आवाजाचे चढउतार सारखे करणाऱ्या जुन्या जमान्यातल्या कॉम्प्रेसरची हुबेहूब नक्कल मिळाली, फुकट. चित्रातल्या स्क्रूवर गंजसुद्धा दाखवलाय. स्क्रूच्या गंजापर्यंत लक्ष देणारे लोक आवाजात कसूर करतील का? बटण थोडं डावीकडे फिरवलं आणि हिचा आवाज एकदम उघडला. छातीतून आल्यासारखा. अंगावर काटा आला.

उद्यापासून सूक्ष्म काम.

१५ मार्च

चार दिवस कॉम्प्रेसरवर आहे. केसाएवढं फिरवलं की फरक पडतो. साध्या कानाला कळणार नाही.

परवा ऑफिसात साहेबांनी विचारलं, जेवणाच्या सुट्टीत हेडफोन लावून डोळे का मिटता? म्हटलं, डोकं दुखतं. त्यांनी गोळी दिली. घेतली.

१६ मार्च

कीबोर्डवाला दोस्त घरी आला होता. त्याला आधीचं आणि नंतरचं ऐकवलं. तो म्हणाला, दोन्ही सारखंच आहे. मला त्याची कीव आली. मग त्याने स्क्रीनकडे वाकून पाहिलं आणि म्हणाला, हा कॉम्प्रेसर वहिनींच्या आवाजावर नाहीच. ताल धरायला जी टिकटिक ठेवली होती, तिच्या ट्रॅकवर आहे. आणि तो ट्रॅक बंद आहे.

पाहिलं. होतं खरं तसं.

तो गेल्यावर शांतपणे विचार केला. चार दिवस मला फरक ऐकू येत होता, ही वस्तुस्थिती आहे. म्हणजे माझा कान इतका तयार झालाय, की बंद ट्रॅकमधला फरकही पकडतो. दोस्त हे समजू शकणार नाही. तो समारंभात वाजवतो.

ही दाराआडून ऐकत होती. जेवताना स्वतःशीच हसत होती. वरण सांडलं.

१८ मार्च

सासऱ्यांना तपासणीला नेलं. डॉक्टरांनी आलेख दाखवला. वरच्या पट्टीतले बारीक, चकचकीत आवाज सासऱ्यांना कित्येक वर्षांपासून ऐकूच येत नाहीत. जे काही उरलंय ते खालच्या अंगाचं.

मी परवापासून नेमका वरचाच चकचकीतपणा वाढवत होतो. त्यासाठी खास प्लगइन आणलाय, त्याच्या एका बटणावर 'हवा' असंच लिहिलंय.

निष्कर्ष: डॉक्टरांचं मशीन जुनं दिसतं.

परतताना रिक्षात हिने विचारलं, आहे तसंच का नाही ऐकवत त्यांना? मी म्हटलं, कच्चं? तुझ्या वडिलांना कच्चं ऐकवू? ती बाहेर बघत बसली. भावना मी समजू शकतो, पण माझं नाव लागणार आहे त्यावर.

२० मार्च

'विकतच्यांना लाजवतील असे फुकटचे प्लगइन्स' नावाचा व्हिडिओ सापडला. पूर्ण पाहिला. दुसरा भागही. तिसऱ्या भागात तो माणूस म्हणाला, खरं तर प्लगइन्सना महत्त्व नाही, महत्त्व कानाला आहे. पटलं. त्याने कान तयार करणारा एक प्लगइन सुचवला. उतरवून घेतोय.

कॉम्प्युटर हल्ली उठायला वेळ लावतो. पंखा विमानासारखा वाजतो. हेडफोन असले की ऐकू येत नाही.

२२ मार्च, रविवार

सबंध दिवस स्टुडिओत. दार उघडं ठेवलं होतं, उकडतं फार. हेडफोन घालून रिव्हर्बची तुलना. सकाळी सभागृह, दुपारी टाकी. टाकीत हिचा आवाज एकटा वाटतो, सभागृहात दूरचा. घरगुती घुमारा हवा: साधी खोली, दोन खुर्च्या, जवळ बसून कोणीतरी म्हणतंय असा. कुठे म्हणजे कुठे मिळत नाही. एका परदेशी गृहस्थाला विचारलंय, तो अशा गोष्टी गोळा करतो.

पाणी प्यायला बाहेर आलो तर सासरे खुर्चीत डोळे मिटून बसलेले. शेजारी ही. हिचे डोळे लाल. सर्दी असावी, वाफ घे म्हटलं.

२३ मार्च

चहाच्या वेळी सासऱ्यांनी 'झालं का' विचारलं नाही. अखेर विश्वास बसला म्हणायचा.

२४ मार्च

नवा प्लगइन: आवाज रुंद करणारा. हा सगळ्यावर कडी आहे. कीबोर्ड पार डावीकडे, गायिका पार उजवीकडे, मध्ये ऐसपैस जागा. हेडफोन लावला की साक्षात रंगमंच! इतके दिवस मी नाहक घुमाऱ्याच्या मागे होतो. घोडं पेंड खात होतं ते रुंदीत.

हीच माझी सही. कुणीही ऐकलं तर म्हणेल, हे ह्याचं काम.

२६ मार्च

मिक्स पूर्ण. म्हणजे जवळजवळ. एका प्लगइनची नवी आवृत्ती आलीय, तीही फुकट. तेवढी घेतो आणि झालं.

२७ मार्च

नवी आवृत्ती घेतल्यापासून गाणं उघडत नाही. उघडायला गेलं की कॉम्प्युटर म्हणतो, अमुक प्लगइन सापडत नाही, तमुक सापडत नाही. यादी स्क्रीनच्या खाली जाते.

ऑफिसला रजा टाकली. कारण: सासऱ्यांचं ऑपरेशन. तसं खोटं नाही.

ही म्हणाली, रजा काढलीच आहे तर बाबांच्या पिशव्या भरू लागा. भरू लागलो. चादरी घडी घालता घालता एक गोष्ट सुचली, म्हणून पाच मिनिटांसाठी आत गेलो. बाहेर आलो तेव्हा पिशव्या दाराशी होत्या आणि जेवण झाकून ठेवलेलं.

२८ मार्च, सकाळ

उघडलं! सगळं परत टाकलं, एकेक करून. रुंदीचा प्लगइन जागेवर. घाईत रिव्हर्ब राहिला, पण रुंदी आहे म्हणजे सगळं आहे. ही आणि सासरे दवाखान्यात पुढे गेलेत. फाइल फोनमध्ये घेऊन निघतोय. शब्द पाळला. लोक काय वाटेल ते म्हणोत, मी मुदतीचा माणूस आहे.

२८ मार्च, संध्याकाळ

झालं ते तसंच लिहून ठेवतो.

सासरे पलंगावर, उद्याच्या ऑपरेशनच्या कपड्यात. मी माझा मोठा हेडफोन त्यांच्या डोक्यावर नीट बसवला. आवाज पूर्ण वाढवला. ही खिडकीशी उभी होती. मी त्यांचा चेहरा बघत होतो. त्यांनी डोळे मिटले, बोटांनी पलंगाच्या कडेवर ताल धरला. शेवटपर्यंत ऐकलं.

मग त्यांनी हेडफोन काढला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "कीबोर्ड फार सुंदर वाजवलाय. तुमच्या दोस्ताला माझे आशीर्वाद सांगा."

मी त्यांच्या कानाशी गेलो आणि विचारलं, आणि गाणं?

"गाणं यात नाहीये ना? पण त्याचं काही नाही. पोरीने रविवारी कानाशी बसून म्हटलं मला. सगळं. दोन वेळा."

हेडफोन माझ्या हातात होता. डावी बाजू कानाला लावली. कीबोर्ड. उजवी लावली. ही गात होती, सबंध गाणं, सासऱ्यांच्या गेलेल्या कानात.

हिच्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त पाण्याचा ग्लास भरून त्यांच्या उशाशी ठेवला. मी म्हटलं, प्लगइनमध्ये दोष आहे, फुकटच्या मालाला हमी नसते. नर्सबाई म्हणाल्या, भेटायची वेळ संपली.

२९ मार्च

ऑपरेशन नीट झालं. कानाला पट्टी. मशीन सुरू व्हायला काही आठवडे. तोवर त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलायचं. सासऱ्यांनी पाटी आधी माझ्याच हातात दिली आणि विचारलं: तुम्ही जेवलात का?

रुंदी बनवणाऱ्या कंपनीला कडक पत्र लिहायला घेतलं. 'प्रिय मित्रा'वर थांबलो.

३१ मार्च

एक गोष्ट तीन दिवस डोक्यातून जात नाही. रविवारी दुपारी ती गायली. या घरात, चार पावलांवर, दार सताड उघडं. दोन वेळा. जवळ बसून, साध्या खोलीत, दोन खुर्च्या. आणि त्या वेळी मी हेडफोन घालून हाच घुमारा कुठे फुकट मिळतो का, ते शोधत होतो. परदेशी गृहस्थाचं उत्तर आज आलं. त्याच्याकडे नाही.

मला वाईट वाटतंय. ते कुठल्याही प्लगइनवर ढकलता येत नाहीये.

संध्याकाळी ही कोट झटकून परत कपाटात लावत होती. मी दारात उभा राहिलो. हेडफोन नव्हता. म्हटलं, एकदा म्हणतेस का ते, माझ्यासाठी? असंच, साधं.

तिने कोट हँगरला लावला, खांद्याशी सारखा केला, आणि म्हणाली, "तुमच्याकडे रेकॉर्डिंग आहे ना."