कुणीच मरत नाही असे चार भाग

रावेर, मंगळवार

सौ. नूतनअक्कास,

धाकट्या भूषणचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? दाजींचं पित्त? तुझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, माझा नमस्कार सांग. ते घेणार नसतील तर त्यांच्या खाटेजवळून जाताना नुसता पुटपुट. पियुषच्या पायाचं प्लास्टर कधी निघणार तेही कळव.

आधी कबूल करतो, हे पत्र लिहायला मी एकोणीस दिवस टाळाटाळ केली. पहिले चार दिवस तुझा फोन लागेल या आशेवर गेले (तू मला ब्लॉक केलंय हे इथं माझ्याबरोबर कामाला असलेल्या चुडामणनं सांगितलं, मी समजत होतो पारोळ्याचा टॉवर पडला). मग पाकीट आणायला निघालो, तर वाटेत एक जण ट्रॅक्टरचा जुना टायर उलटा करून गुरांसाठी पाण्याचं टोपलं बनवत होता. ते बघत उभा राहिलो आणि पोस्ट बंद झालं. दुसऱ्या दिवशी पाकीट मिळालं तर पेन सापडेना, पेन सापडला तर धीर सापडेना. असं करत करत आज.

तू काय मागितलं होतंस ते मला पाठ आहे. पोरगं किल्ल्याच्या भिंतीवरून पडलंय, सहा आठवडे खाटेवर आहे, डोळ्यासमोर मोबाईल धरू देणार नाही. तर नुसतं ऐकता येईल असं काही, इतिहासाचं, विज्ञानाचं, सात वर्षांच्या पोराला झेपेल असे पॉडकास्ट शोधून दे, आणि आधी स्वतः ऐकून दे. त्यातलं शेवटचं मी केलं नाही. मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड दिलं, नावं वाचली (नावं फार गोड होती, 'चिमुकल्यांसाठी', 'गंमत गंमत'), चाळीस भाग भरून घेतले आणि कार्ड दाजींच्या हाती पाठवलं, आबांच्या बटणाच्या फोनमध्ये घालायला. वीस मिनिटांत काम झालं. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला होता, अक्का. आयुष्यात असं तिसऱ्यांदाच वाटलं असेल.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण मला ते दाजींकडून तुटक तुटक कळलं. विज्ञानाच्या तिसऱ्या भागात पॉडकास्टवाली बाई सांगते की सूर्य पाचशे कोटी वर्षांनी विझणार. आपल्याला पाचशे कोटी म्हणजे पाचशे कोटी. पियुष दुसरीत आहे. त्याला शंभरापर्यंत येतं, पाचशे म्हणजे त्याच्या मते वहीची पुढची पानं. त्यानं दूध बंद केलं. सूर्य विझणारच आहे तर हाड जुळवून करायचं काय, असं म्हणाला म्हणे. आणि इतिहासाच्या प्रत्येक भागात शेवटी राजा मरतो, आणि सालासकट मरतो. तेव्हा पोरानं जेवताना आबांना विचारलं, "आबा, तुमचं साल कोणतं?" आबांनी अर्धी भाकर तशीच ठेवली आणि उठले. तू कार्ड काढून घेतलंस, मला ब्लॉक केलंस. मी तुझ्या जागी असतो तर इतक्यावर थांबलो नसतो.

म्हणून मी ठरवलं की आता प्रत्येक भाग आधी आपण ऐकायचा. (साक्रीच्या बाजारात मोबाईलची कव्हरं विकत होतो तेव्हा कानात कायम काही ना काही असायचं, पण ती सगळी गाणी. बाजार सोडला कारण कव्हरं सगळी एकाच फोनची निघाली आणि तो फोन साक्रीत तलाठ्याशिवाय कुणाकडे नव्हता. ते असो.) सध्या मी लीलाधरभाऊंच्या केळीच्या पॅकिंगला आहे. बागेतून घड येतात, बायका फण्या सुट्या करून टाकीच्या पाण्यात धुतात, आम्ही खोक्यात भरतो. कान दिवसभर रिकामे. चुडामणकडे स्पीकर आहे. लावला.

पहिले काही दिवस छान गेले. खोटं बोलत नाही, मला पण कळायला लागलं. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून का येतो, हे मी बारावीपर्यंत तीनदा शिकलो होतो आणि तिन्हीदा त्या वेळी खिडकीबाहेर बघत होतो. ताईबाई म्हणून एक आहेत, फण्या धुतात, त्या राजाराण्यांच्या भागाला हमखास रडायच्या आणि रडता रडता दुप्पट फण्या धुवायच्या. भाऊ खूश होते.

मग परवा केळ्याचा भाग लागला. मी मुद्दाम आवाज वाढवला, म्हटलं आपल्याच धंद्याचं आहे. बाई सांगायला लागली, केळ्यात बी नसतं, एकाच झाडाची पिलं लावत लावत लाखो झाडं होतात, म्हणून सगळी सारखी. इथवर सगळे माना डोलवत होते, हे तर आमच्या म्हशीला पण माहीत आहे अशा. मग तिनं तितक्याच लाडात सांगितलं की परदेशात पूर्वी जे केळं सगळीकडे खायचे ते एका रोगानं बाजारातून जवळजवळ नाहीसं झालं, आणि आताच्या केळ्याचंही तसं होऊ शकतं. मग टिंग टिंग वाजलं. "टाटा, बालमित्रांनो!"

टाकीत नळ तेवढा पडत होता. लीलाधरभाऊ खोक्यावर बसले होते, ते उठले. "बंद कर रे भो ते," एवढंच म्हणाले आणि बागेत गेले. एकेक पान उलटं करून बघत बसले, संध्याकाळपर्यंत. ट्रक उभा राहिला, घड उन्हात राहिले, सगळ्यांचा अर्धा दिवस बुडाला. ताईबाई हात पुसत मला म्हणाल्या, "भाच्याचं दूध बंद केलं, आता आमची चूल बंद करतो का रे?" दुसऱ्या दिवशी भाऊंनी शांतपणे सांगितलं, हा आठवडा पुरा कर आणि दुसरीकडे काम बघ. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांचा चेहरा अजून उतरलेलाच आहे.

तर अक्का, एकूण त्रेसष्ट भाग ऐकले. पोराला ऐकवण्यासारखे, म्हणजे ज्यात कुणी मरत नाही, विझत नाही, संपत नाही, असे चार निघाले. मिठाचा, गडगडाटाचा, किल्ल्यावर पाणी कसं साठवायचे त्याचा आणि शून्याचा. नवं कार्ड पाकिटात घातलंय. ज्ञानात इतकं मरण असतं हे मला माहीत नव्हतं. मी लहानपणी शाळेतून पळायचो त्याला आपण सगळे आळस म्हणायचो.

तुझा भाऊ,
भूषण

ता. क. शून्याच्या भागात अठराव्या मिनिटाला ते गणिती वारतात. एकच वाक्य आहे. तेवढ्यापुरतं मोठ्यानं खोकलीस तर निभावेल.

ता. क. दुसरा. कार्ड हे निमित्त आहे. दोन दिवस मला पियुषच्या खाटेजवळ बसू दे. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, पण त्याला ती भीती मी लावली आणि इथं रावेरात बसून ती निघत नाही. ओट्यावर झोपेन. आबांसमोर येणार नाही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो तर फाटकातून आबा आले. एकटे, एसटीनं, जळगावला गाडी बदलून. ताईबाईंनी क्रेट पालथा करून बसवलं. मी पाया पडलो, त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. खिशातून बटणाचा फोन काढून म्हणाले, "सुननी कार्ड काढी लिधं. सूर्यनं पुढे काय व्हयनं?" मी म्हटलं, आबा, पुढं काही नाही, तिथंच संपतं. त्यांनी फोन परत खिशात घातला. मग म्हणाले, "मी बी एक दिन जासू हाई मी त्याले सांगी दिधं. त्यानावर तो रडना नही. सूर्यकरता रडस. चाल."

तुला विचारून आलेले दिसत नाहीत. मी पिशवी भरतोय, पत्र हातानंच देईन. पारोळा येईपर्यंत सूर्याचं पुढचं काहीतरी सुचायला हवं.