नदीपासून किती हात

३ ऑगस्ट, शनिवार

अम्माशी फोनवर बोललो. चुलीपासून नदी चाळीस हात! गेल्या पावसाळ्यात शेतापलीकडे होती. म्हटलं, घर उतरव, पत्रे नावेत टाक, पलीकडे धाकट्या शेफालीच्या सासरी जा. तर म्हणते, "मग तू परत येशील तो कुणाच्या दारात?" हट्टी म्हातारी. मेघना नदीला भिऊन आमच्या तालुक्याची कचेरी दोनदा पळाली, फौजदार टेबल डोक्यावर घेऊन पळाला — ही बसलीये!

५ ऑगस्ट

अडतीस.

८ ऑगस्ट

पस्तीस. करवतीवर लक्ष नव्हतं. मुकादम ओरडला, "बोटं जड झाली का?" इथे जोहोरात मलेशियाचं लाकूड कापतो, डोळ्यापुढे आपलं पाणी. तालुक्यातली चार गावं नदीत आहेत. कचेरीतल्या नकाशात मात्र कोरडी ठणठणीत!

११ ऑगस्ट

इथे ईद आज, गावी उद्या. बत्तीस हात. बोलता बोलता फोनमध्ये ट्रकचा भोंगा वाजला. म्हटलं, आपल्या चरावर, नदीतल्या गाळाच्या बेटावर, ट्रक कुठला? "वाऱ्यावर आला असेल. तू जेवलास का?" मग शेफालीनं फोन घेतला. ही माहेरी कधी आली? "दादा, तिकडे शेवया मिळतात का रे?" — आणि एकदम रडायलाच लागली. सणाचं होतं असं.

१५ ऑगस्ट

अठ्ठावीस. आता नाही राहवत. इथली लाकडं वाहणाऱ्या जसीमची लॉरी पंचवीसला पहाटे बंदराकडे जाते, तिथून चोरटी बोट. पासपोर्ट मालकाच्या कपाटात आहे, सडू दे तिथेच. पकडलं तर तुरुंग. पण तुरुंगवालेही शेवटी घरीच धाडतात ना! जसीम म्हणाला, "रुहुल्या, दोन कामांवरून पळालास, आता हे तिसरं. तू पळायचीच नोकरी धर." हसलो. पिशवी भरली.

१९ ऑगस्ट

चोवीस.

वही मागे चाळली, तारखा ताडल्या. चाळीस, अडतीस, पस्तीस... रोज एक हात. रोज एकच!

नदी अशी खात नाही. चरावर वाढलोय मी. ती तीन-तीन दिवस नुसती काठ चाटत बसते आणि मग एका घासात गोठा गिळते. अब्बांची कबर सकाळी काठापासून वीस हात होती, दुपारी नव्हती.

मग अम्मा काय मोजतेय?

२२ ऑगस्ट

मजुरांच्या नव्या तुकडीत आमच्या गावचा हानिफ आलाय. मला बघून मान खाली. "दादा, काही विचारू नका. तुमच्या अम्मानं शपथ घातलीये."

म्हटलं, शपथ मोडू नकोस. नुसती मान हलव. घर आहे?

त्यानं मान हलवलीच नाही. डोळे पुसले.

मग शपथ मोडलीच त्यानं. जुलैतच गेलं. घर, मशीद, बांबूचं बेट, सगळं एका दुपारी. अम्मा पलीकडच्या तालुक्यात, बांधावरच्या रस्त्याकडेला झोपडीत आहे. शेफाली येऊन-जाऊन असते. "तुम्हाला कळलं तर पळून याल, तुरुंगात पडाल, म्हणत होत्या."

२४ ऑगस्ट

जसीमला सांगितलं, उद्या तू एकटाच जा.

संध्याकाळी फोन केला. "अम्मा, किती हात?"

"एकोणीस. अंगण झाडून ठेवलंय बघ."

मागून ट्रक गेला एक. तो जाईपर्यंत थांबलो.

"बरं," म्हटलं. "मोजत राहा."