टोलचा स्टिकर आरशावर आहे

गेर्नोट,

मी सातच्या ट्रेननं साल्झबुर्गला चाललेय. आईचा ऐंशीवा वाढदिवस आहे, मला केक कापायच्या आत पोचायचंय. ट्रेनला उशीर होतो, बसमध्ये पाय आखडतात, हे तुझं पुराण ऐकून कान किटलेत माझे. बाबांच्या अंत्यविधीला तुझ्या लाडक्या गाडीनंच गेलो होतो ना? ऑस्ट्रियाच्या हायवेचा टोल-स्टिकर घ्यायला नको म्हणून तू खेड्यापाड्यांतून गाडी फिरवलीस. पोचलो तेव्हा बाबांवर माती पडली होती. आणि तू म्हणालास, "बघ, स्टिकरशिवाय पोचलो की नाही!"

या वेळी स्टिकर मीच आणलाय. एकदा चिकटवला की काढून दुसरीकडे लावलेला चालत नाही, म्हणून बाथरूमच्या आरशावर चिकटवलाय. रोज दाढी करताना बघत बस.

रोस्विथा