पेट्रोलची वाफ आणि ओपलचे तेवीस डबे

मर्सेड, कॅलिफोर्निया
३० ऑक्टोबर

आदरणीय मॅक्सीनताई,

धाकट्या ऑर्विलचा नमस्कार. तुझा गुडघा आता पायऱ्या चढू देतो का आणि रेडिंगला थंडी सुरू झाली का, ते कळव. इकडे आम्ही दोघंही धडधाकट आहोत. तुझ्या भावजयीला, ओपलला, जरा खोकला आहे, पण तो आजाराचा नव्हे, माझ्या कर्तबगारीचा खोकला आहे. ते ओघाने येईलच.

महिनाभर पत्र नाही म्हणून तू मनातल्या मनात माझा उद्धार केला असशील. पण ताई, महिनाभर मी गाडीखाली होतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ओपलच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला. ओपल आठवड्यातून चार दिवस, घराबाहेर पडू न शकणाऱ्या म्हाताऱ्यांना गरम जेवणाचे डबे पोचवते. घरं तेवीस. आणि गाडीची नोंदणी नेमकी या महिनाअखेरीस संपत होती. धूर-तपासणीत गाडी पास झाल्याशिवाय नोंदणी होत नाही, दिवा लागलेली गाडी पास होत नाही, आणि नोंदणी नसलेल्या गाडीत संस्था डबा ठेवू देत नाही. म्हणजे एवढ्याशा दिव्यापायी तेवीस म्हातारी माणसं उपाशी. (ओपलने हे मला दिवसातून तीनदा ऐकवलं, जेवणाआधी.) चांगल्या गॅरेजांत नोव्हेंबरशिवाय नंबर नव्हता. शिवाय चौतीस वर्षं शाळेचे बॉयलर सांभाळलेल्या माणसाने एका दिव्यासाठी दुसऱ्याच्या दारात जायचं, हे मला पटेना.

महिनाअखेरची तारीख डोळ्यांपुढे ठेवून मी एक यंत्र आणलं. ते स्टिअरिंगखाली खोचलं की गाडी आपलं दुखणं सांगते. दुखणं असं निघालं, की टाकीतली पेट्रोलची वाफ कुठून तरी निसटते आहे. ही वाफ हवेत जायची नसते. ती कोळशाच्या एका डब्यात साठते आणि मग इंजिन तिला जाळून टाकतं. वाटेत कुठे भोक पडलं तर गाडीला ते बरोबर कळतं, पण कुठे ते सांगत नाही. (आपल्या आईचीही हीच पद्धत होती. घरात काहीतरी बिघडलंय एवढंच सांगायची.) टाकीच्या झाकणाची रबरी चकती चिरलेली दिसली, म्हणून सोमवारीच नवं झाकण बसवलं. गुरुवारपर्यंत वाट पाहिली. दिवा तसाच. मग वाफ इंजिनाकडे सोडणारा व्हॉल्व्ह बदलला. दिवा तसाच. मंगळवारी गाडीचा मागचा भाग उचलून, खाली लोखंडी टेकू लावून मी आत शिरलो आणि कोळशाचा डबा सोडवून, निरखून, परत बसवला. दिवा तसाच.

त्याच संध्याकाळी कुंपणापलीकडून शाँगबाई डोकावल्या. या शेजारच्या विधवा बाई, अंगणात गवती चहा आणि कारली लावतात, आणि नाक असं की आमच्याकडे कांदा करपायच्या आधी त्यांना कळतं. म्हणाल्या, "ऑर्विल, तुमच्या मागच्या डाव्या चाकाशी पेट्रोलचा वास येतोय."

मी म्हटलं, "बाई, पेट्रोलची गाडी आहे. अत्तराचा येणार का?"

"काल नव्हता येत," त्या म्हणाल्या. "तुम्ही खालून बाहेर आलात, तेव्हापासून येतोय."

बाईंना दिवसांचा घोळ होत असेल, असं म्हणून मी आत गेलो.

भोक शोधायचं तर नळ्यांत धूर सोडायचा, असं गॅरेजवाले करतात. त्यांच्या यंत्राच्या किमतीत एखादी छोटी होडी आली असती, म्हणून मी ते घरीच केलं. रंगाचा रिकामा डबा, त्यात बाळाच्या अंगाला लावायचं तेल, तेलात पत्र्याला डाख द्यायची विजेची तापती सळई, आणि हवेसाठी सायकलचा पंप. डबा गाडीपासून लांब ठेवला, मधे लांब नळी घातली आणि ओपलला पाण्याची बादली देऊन उभं केलं. पहिल्या दिवशी धूर सगळीकडून आला, फक्त गाडीतून नाही. ओपलचा खोकला तो हा. दोन घरांनी खिडक्या लावून घेतल्या. रंगाच्या डब्याच्या झाकणाला चिकटपट्टी गुंडाळून दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप मारला, तेव्हा मागच्या डाव्या चाकाआडून धुराची बारीक शेवई वर आली. कोळशाच्या डब्याच्या नळीचं प्लास्टिकचं तोंड तडकलं होतं.

शाँगबाई कुंपणाशी उभ्याच होत्या. त्यांनी फक्त नाकाला बोट लावलं.

नवा सांधा आणला, नळी बसवली, यंत्राने दुखण्याची नोंद पुसून दिवा विझवला आणि ऐटीत तपासणीला गेलो. तिथल्या मुलीने गाडी परत पाठवली. दिवा असा विझवला की गाडी सगळं विसरते म्हणे. आता टाकी ना भरलेली ना रिकामी ठेवून, सकाळी थंड इंजिनाने निघून, काही दिवस नीट चालवली, की ती स्वतःला पुन्हा तपासते. यंत्राकडे कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. ओपल चालवणार, तर मी शेजारी बसणार, हे ओघाने आलंच.

असे आम्ही सहा दिवस तेवीस घरं फिरलो. बँडचे जुने मास्तर हेस्किथ, वय एक्याण्णव, यांना धुराची गोष्ट रोज पहिल्यापासून ऐकायची असायची, आणि रोज शाँगबाईंच्या नाकाशी आलो की ते टाळी वाजवायचे. मिसेस डेलुका डबा घेताना माझा हात सोडत नसत. एका घरी मी नळाचा वायसर बदलला, एका घरी घड्याळ लावून दिलं.

काल गाडी पास झाली. ओपलने कागद छातीशी धरला, माझ्या टकलावर ओठ टेकवले आणि म्हणाली, "सुटलास बाबा! उद्यापासून घरी आराम कर."

तुझा,
ऑर्विल

ता. क. एक गोष्ट फक्त तुला सांगतो. बिघाड त्या झाकणाचाच होता. नव्या झाकणाने गाडी सोमवारीच बरी झाली असावी. दिवा विझायला आठ-दहा दिवस लागतात, हे माहितीपुस्तकात लिहिलं होतं आणि मी पुस्तक काल वाचलं. नळीचं तोंड मंगळवारी माझ्याच पान्याने तडकलं. शाँगबाईंना हे ठाऊक आहे. त्यांनी ते ओपलला सांगू नये, म्हणून त्या देतात ती सगळी कारली मी मुकाट्याने खातो.

ता. क. दुसरा. आज सकाळी ओपल एकटीच गेली. मी घड्याळाकडे पाहत बसलो होतो. साडेदहाला हेस्किथ, पावणेअकराला डेलुका.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हे. तू तीस वर्षं गॅरेजच्या काउंटरवर बसलीस, म्हणून गाड्यांच्या बाबतीत ओपल तुझ्याखेरीज कुणाचं ऐकत नाही. शनिवारी ती तुला फोन करून विचारणार आहे, की गाडीत यंत्र धरून शेजारी माणूस बसवायची अजून गरज आहे का. खरं उत्तर 'नाही' असं आहे. तू 'हो' म्हण. निदान वसंतापर्यंत तरी म्हण.