व्हेर्दी, मी आणि बसलेला घसा

५ सप्टेंबर, शुक्रवार
महाराष्ट्र मंडळाच्या १८ ऑक्टोबरच्या दिवाळी कार्यक्रमात माझं व्याख्यान ठरलं. 'व्हेर्दी: इटालियन ऑपेराचा सम्राट'. आखातातल्या या अल ऐनमध्ये ऑपेरा कळणारा मराठी माणूस मी एकटाच. पूर्ण तासभर, स्लाइड्स नाहीत, मध्ये मध्ये स्वतः गाऊन दाखवायचं. घसा जरा बसलाय. एसी. मृणालिनी म्हणते, मेपासून बसलाय. बायकांना महिने बरोबर लक्षात राहतात.

१२ सप्टेंबर
अठराव्या वर्षी मिलानच्या संगीत शाळेने व्हेर्दीला प्रवेश नाकारला! मलाही पुण्यात रेडिओच्या ऑडिशनला नाकारलं होतं. साम्य विलक्षण. व्याख्यानात घ्यायचं. मृणालिनीने परस्पर घशाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली होती. कॅन्सल केली. दिवाळीनंतर बघू.

२३ सप्टेंबर
ऑफिसच्या कामाला दुबईला अल क्वोजच्या गोदामात गेलो. गाडी हमीदभाईंची; रत्नागिरीचे, आमचं ट्रान्सपोर्ट बघतात. वाटेत रिहर्सल. वरच्या सुराला आवाजच आला नाही. धूळ फार. हमीदभाई म्हणाले, "सदानंदभाई, माझ्या मेव्हण्याचा आवाज पण असाच..." म्हटलं, खलास, पुढे नको. ऑपेरात असे पॉज असतात. ते म्हणाले, इन्शाल्ला पॉजच असेल.

१ ऑक्टोबर
व्हेर्दीचा वाईट काळ वाचला. दोन वर्षांत मुलगी गेली, मुलगा गेला, मग बायको. त्याच दिवसांत त्याला विनोदी ऑपेरा लिहायचा होता. लिहिला, पडला. हा भाग पाच मिनिटांत उरकायचा, दिवाळी आहे. मृणालिनी ओटा पुसत होती. म्हणाली, "आणि बायकोच्या आधी तो गेला असता तर?" असल्या प्रश्नांना इतिहासात उत्तर नसतं.

६ ऑक्टोबर
खोकताना रुमालावर लाल. डाळिंबाचा ज्यूस प्यायलो होतो, बहुधा. रुमाल टाकून दिला.

७ ऑक्टोबर
लेकीला, आभाला, तो रुमाल कचऱ्यात सापडला. "बाबा, धिस इज नॉट फनी." मायलेकींनी मला गाडीत घातलं. डॉक्टरीणबाईंनी नाकातून कॅमेरा घातला. बोलत माझ्याशी होत्या, बघत मृणालिनीकडे. बायॉप्सी करायची म्हणाल्या. मी विचारलं, अठरापर्यंत आवाज मोकळा होईल ना? अठराला काय आहे, म्हणाल्या. व्हेर्दी, म्हटलं. पेशंट वाटला त्यांना.

१६ ऑक्टोबर
रिपोर्ट आला. शब्द एकदाच लिहितो: कॅन्सर. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. मी म्हटलं, अर्धं? बाई म्हणाल्या, मेमध्ये आला असतात तर कदाचित. मृणालिनीने घरी येऊन माझ्यासाठी मऊ भात केला. ओरडली असती तर बरं झालं असतं.
व्याख्यान होणार. माइक असतोच.

१८ ऑक्टोबर, शनिवार
उभा राहिलो. नमस्कार म्हटलं. पोरं हसली, त्यांना वाटलं माइक बिघडला. साउंडवाला धावत आला. पुन्हा म्हटलं. मग हॉलमध्ये कुणीच हसेना.
मृणालिनी जरीच्या साडीत स्टेजवर आली. कागद माझ्या हातातून घेतले आणि वाचायला लागली. इटालियन नावं सगळी चुकवली. बायको जाते त्या पानावर थांबली. मला वाटलं, पान उलटेल. नाही उलटलं. पूर्ण वाचलं.
टाळ्या खूप. थोडं घाईत वाचलं, असं माझं मत. सांगितलं नाही.

२७ ऑक्टोबर. हॉस्पिटल.
उद्या सकाळी ऑपरेशन. बाई म्हणाल्या, घरच्यांसाठी काही रेकॉर्ड करून ठेवा. ठरवलं, ऐंशीच्या घरात व्हेर्दीने पुन्हा विनोदी ऑपेरा लिहिला आणि या वेळी तो गाजला, ते सांगावं. आभा मोठी झाल्यावर उपयोगी. मुद्दे काढले. तिने फोन तोंडासमोर धरला.
मुद्दे बाजूला ठेवले तिने. एरवी आमच्याशी इंग्रजीतच बोलते. म्हणाली, "बाबा, नुसतं माझं नाव म्हण."
म्हटलं. नुसती हवा गेली. पुन्हा म्हटलं. तेच.
"इट्स ओके. गॉट इट," म्हणाली आणि सेव्ह केलं.
मृणालिनीने फोन कानाला लावून ऐकलं. स्पष्ट आलंय, म्हणाली.