मामंजींचं गाऱ्हाणं

शुक्रवार, दिवेलागणीनंतर

सकाळी पुन्हा विचारलंच मी. "मामंजी, मी कोण? नाव सांगा बघू." डॉक्टरांनी बजावलंय, अल्झायमरच्या माणसाची परीक्षा घेऊ नका, नाव आपणच सांगून टाका. कळतं की मला! पण ज्यांनी लग्नापासून "सुनंदाऽऽ" म्हणून खळ्यातून हाका मारल्या, तेच सासरे पाहुण्यासारखे बघतात तेव्हा जिभेवर ताबा राहत नाही. ते नुसतं हसले. मी भांडी जरा जोरातच आपटली.

संध्याकाळी तुळशीपाशी दिवा ठेवला, तर मामंजी नारळ घेऊन शेजारी उभे. शिमग्यात देवापुढे साऱ्या गावासाठी मागणं मागायचं गाऱ्हाणं तेच घालायचे. आजही तोच खणखणीत आवाज.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरात एक बाई हाय. तिचं नाव ध्यानात ऱ्हात नाय. पण माझं सगळं तीच करते. सकाळी रागावली व्हती. माझं काय चुकलंमाकलं असंल तर पदरात घे, नि तिला सुखात ठेव रं म्हाराजा!"

नाव राहिलं नाही, आणि माझा राग राहिला?

मग ते थांबले. गाऱ्हाण्याला मागून साऱ्यांनी होकार द्यायचा असतो, त्याशिवाय नारळ फुटत नाही. पण मागे होतं कोण? हे मुंबईला. मामंजी नारळ धरून वाट बघत राहिले.

माझ्याच सुखाचं गाऱ्हाणं. शेवटी मीच म्हटलं, "होय म्हाराजा."